आप्पांचा डावा बूट

टक्... टक्.

उंबऱ्यावर कुणीतरी बूट आपटले.

भर दुपार. लाईट गेलेली, पंखा बंद, शंभू नुकताच झोपलेला. गेल्या वैशाखात, साताऱ्याजवळच्या आमच्या घरात हे घडलंय. पटावं म्हणून गळ घालणार नाही. लेकाचा डोळा लागलाय, तोवर लिहून टाकते.

खेळून आल्यावर उंबऱ्यावर बूट आपटून माती झाडायची, ही सवय आप्पांची. आप्पा म्हणजे माझे चुलत सासरे, कृष्णात. तरुणपणी गोव्याच्या एका क्लबात पगारी फुटबॉलपटू होते. ते सोडून फौजेत गेले. कारगिलला जखमी जोडीदाराला पाठीवर आणताना सुरुंग फुटला... डावा पाय गेला.

छातीवर पदक आलं. काखेत कुबडी आली.

खेळायचे बूट मात्र शेवटपर्यंत पुसायचे. दोन्ही.

माघात ते वारले. दहाव्याला नदीवर कावळा पिंडाला शिवेना.

"आप्पा, पदक जिवापाड जपू," सासरे म्हणाले.

कावळा हलला नाही.

"रेफ्रीवानी बसलाय गड्या, शिट्टीच वाजवंना!" मागून कुणीतरी म्हणालं.

"आवं आप्पा, काय राह्यलंय तुमचं?" सासूबाई रडकुंडीला आल्या.

शेवटी माझा नवरा जयराज पुढं झाला. "आप्पा, तुमचा खेळ अर्धा राह्यला. आमचा शंभू पुरा करंल."

शब्द तोंडातून पडतो न पडतो...

कावळा शिवला.

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. मी कडेवरच्या शंभूला घट्ट धरलं. का, ते तेव्हा कळलं नाही.

तर त्या दुपारी मी दाराशी गेले.

कुणीच नव्हतं.

अंगण कोरडं ठणठणीत... आणि उंबऱ्यावर ओल्या मातीची ढेकळं.

धावत आत आले. आप्पांचे बूट फळीवर जागच्या जागी होते. फक्त डाव्याची नाडी... बांधलेली.

"आई," शंभू अंथरुणातून म्हणाला, "पायाला मुंग्या आल्यात."

डाव्या पायाला.

त्या दिवसापासून तो पाय ओढत चालतो. मिरजेला नेलं, सगळ्या तपासण्या केल्या. डॉक्टर म्हणतात, पायात काहीच दोष नाही.

रोज तेल चोळते. इवलीशी बोटं. उजवा पाय ऊबदार असतो... डावा गार.

ज्या माणसानं दुसऱ्यासाठी पाय दिला, तो लेकराचा घेईल? मन मानत नाही.

पण काल शंभू पायरीवर बसून रिकाम्या अंगणाकडं बघत टाळ्या वाजवत होता.

"कुणाला रं टाळ्या?"

"आजोबांना. लय जोरात पळत्यात."

"बाळा, त्यांना कुबडी लागायची."

"आता न्हाई लागत."

मी त्याला उचलून आत आणलं, दार लावलं. तेलाची वाटी घेतली.

तो हळूच म्हणाला,

"आई, मॅच संपल्यावर आजोबा माझा पाय परत देतील ना?"