साखर शेवटी

ती शिडीवर उभी राहून बेकरीच्या पाटीवर 'ताजे' मधला 'जे' रंगवत होती, आणि ब्रशवरचा लाल थेंब टपकन खाली पडला – नेमका दारातून बाहेर आलेल्या भट्टीवाल्याच्या पांढऱ्या टोपीवर.

"अहो! टोपीपण रंगवायची ठरली होती का?"

"नाही... पण शोभतेय," ती वरूनच म्हणाली. खरं तर तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"खाली उतरा. दंड भरावा लागेल."

दंड म्हणजे भट्टीतून नुकता काढलेला बन. डोळे मिटून खायचा आणि आत काय काय घातलंय ते ओळखायचं. तिला एकही गोष्ट ओळखता आली नाही. "रंगारीणबाई, तुमची जीभ अगदीच अडाणी आहे हो!" असं म्हणून त्याने तिला शिकवणीच लावली. रोज दुपारी चारला एक तुकडा. रंगारीणबाईची नुसती रंगारीण झाली, तुम्हीचं तू झालं. एकदा तिच्या बोटावरची पिठीसाखर पुसताना त्याने ते बोट जरा जास्तच वेळ धरून ठेवलं. त्या दिवशी तिने एका दवाखान्याच्या पाटीवर 'वेळ' दोनदा लिहिलं!

पण हे सगळं त्याच्या तापाच्या आधीचं.

ताप बारा दिवस राहिला. उतरला, आणि माणूस पार बदलला. शिकवणी बंद, चेष्टा बंद. पूर्वी पीठसुद्धा अंदाजाने घेणारा हा आता मीठसुद्धा काट्यावर तोलून घ्यायचा. "काय झालंय रे तुला?" तिने एकदा विचारलं, तर दुसरीकडे बघत म्हणाला, "तोंडाला चव नाही गं..." आजारातून उठलेला प्रत्येक माणूस हेच म्हणतो. तिने त्याचा आपल्या परीने अर्थ लावला – याला आपला कंटाळा आलाय. त्या अर्थाने महिनाभर तिची झोप उडाली.

आणि काल त्याने सांगितलं, "उद्या चारला तुझ्याकडे येतो. बोलायचंय."

'बोलायचंय' म्हणून कुणी चांगलं काही बोलल्याचं तिच्या ऐकिवात नव्हतं.

म्हणून तिने खीर करायला घेतली. तांदळाची खीर म्हणजे त्याचा हळवा कोपरा. आई गेल्यापासून त्याने ती तोंडात घातली नव्हती. सगळ्या गल्लीला खाऊ घालणारा हा माणूस, पण खिरीला हात लावायची त्याची छाती होत नव्हती. कृती मात्र त्याने तिला कितीदा तरी सांगितली होती – "दूध आटव, तांदूळ बोटाने चेपला की विरघळला पाहिजे, आणि साखर शेवटी. आधी घातलीस तर तांदूळ हट्टाला पेटतो, शिजतच नाही."

तिचं स्वयंपाकघराशी नातं फक्त जेवणापुरतं. एरवी सगळं मावशी बघायची, आणि मावशी आज नेमकी मैत्रिणीकडे गेलेली. ती दोन वाजल्यापासून ओट्याशी उभी होती. दूध उतू गेलं, बोट भाजलं, तांदूळ काही केल्या मऊ होईना. एका खिरीने कुणी थांबत नाही, हे तिला कळत होतं. तरी ती ढवळत राहिली... कारण दुसरं काय करायचं तेच सुचत नव्हतं.

साडेतीनलाच बेल वाजली! तिने घाईघाईने गॅस बंद केला, वाटी भरली आणि दार उघडताच त्याच्या हातात दिली. न जाणो, आधी बोलायला लागला तर?

"हे काय?"

"खा आधी."

तो खुर्चीत टेकला. पहिला चमचा तोंडात घालून त्याने डोळे मिटले. तिचा जीव टांगणीला लागला.

"छान झालीय," तो म्हणाला. "साखर किंचित जास्त पडलीय... पण पहिल्यांदा होतंच असं."

चूक काढली! किती दिवसांनी त्याने तिची चूक काढली होती. ती हसतच स्वतःची वाटी आणायला आत वळली, आणि तिचं लक्ष ओट्याकडे गेलं. मोजून ठेवलेली साखर तशीच होती. एक दाणाही हललेला नव्हता.

लबाड! आधी तिला हसूच फुटलं. आपलं मन राखायला थापा मारतोय. तिने पातेल्यातला एक घास चाखला. गोडाचं नाव नाही. मग 'जास्त' कशाला म्हणाला? मन राखणारा माणूस 'गोड झालीय' म्हणेल, साखर जास्त झाली म्हणून तक्रार करणार नाही.

ती बाहेर आली. तो वाटीचा तळ चमच्याने खरवडत होता.

"मी साखर घातलीच नाहीये."

चमचा थांबला.

"अजिबात?"

"अजिबात."

"सांगितलं होतं तुला," तो वाटीकडे बघत म्हणाला. "तोंडाला चव नाही म्हणून."

"ते तर सगळेच म्हणतात रे –"

"मी खरंच म्हणत होतो." त्याने चमचा वाटीत टाकला. "चव नाही, वास नाही. डॉक्टर म्हणतात, येईल... नाहीतर नाही येणार. परवा पिठात मीठ दोनदा पडलं, अख्ख्या भट्टीचा माल परत आला. बेकरीचे मालक रागावले असते तर बरं झालं असतं गं... त्यांनी फक्त पाठीवर हात ठेवला. मी काम सोडलंय. उद्या सकाळच्या गाडीने दादाकडे चाललोय. त्याच्या गोदामात पोती उचलायला जीभ लागत नाही."

"आणि मी?"

"तू आवडतेस म्हणूनच सांगायला आलो ना!" तो जवळजवळ ओरडलाच. "नाहीतर नुसता निघून गेलो असतो. आईच्या खिरीची चवसुद्धा आता आठवत नाही मला. आज वाटलं, तुझ्या हातची खाऊन तरी आठवेल... आणि नुसतं कोमट लागलं. आयुष्यभर तुझ्याशी असं खोटं बोलत जेवू?"

ती खाली त्याच्या पायाशी बसली. ज्या शब्दांसाठी ती इतके महिने झुरली होती, ते असे यावेत! तिला रडू आवरेना. त्यालाही आवरलं नाही.

"खरं सांग," तो मग हळूच म्हणाला, "कशी झालीय?"

तिने नाक पुसलं. "वाईट. फिक्की आहे. तांदूळ अर्धा कच्चा. आणि खाली लागलीय... करपट वास घरभर सुटलाय."

"घरभर?" तो श्वास ओढून बघत होता. काहीच आलं नाही, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. "मला कुणी असं सांगतच नाही आता. सगळे म्हणतात, होईल बरं."

"मी नाही म्हणणार. मला काय माहीत?" ती म्हणाली. "चव कशी आहे ते मात्र सांगेन. रोज. अडाणी जिभेने का होईना."

त्याने वाटी ठेवली, उठला, दाराशी जाऊन चपला घातल्या. ती जागची हलली नाही. काय म्हणून अडवायचं, आणि कुठल्या तोंडाने? दार उघडल्याचा आवाज आला. बंद झाल्याचा मात्र येईना.

"खाली लागली म्हणालीस ना?" तो पाठमोराच विचारत होता.

"हो."

"पातळ बुडाचं पातेलं असणार." तो पुन्हा थांबला. "उद्या... जाड बुडाचं घे. मी ढवळायला येतो."