तिसरा तुकडा

विश्वास ठेवायचा की नाही, तुमचं तुम्ही ठरवा. मी स्वतः तिथं होतो, म्हणून सांगतोय.

कोल्हापूरजवळच्या एका फौंड्रीत मी माल तपासतो. गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. सुट्टीचा दिवस, भर दुपार. सगळी मशिनं बंद. लॅबमध्ये फक्त मी आणि मालक, भूपाल आण्णा. बाहेर टेम्पोत उसाच्या ट्रॉलीचे हुक भरून तयार होते.

तपासणी साधी असते. त्याच मालाचा खाच पाडलेला तुकडा मशिनवर ठेवायचा आणि वरून जड हातोडा झोक्यासारखा सोडायचा. पोलाद चिवट असेल तर तुकडा हातोड्याला दाद देत नाही. ठिसूळ असेल तर बिस्किटासारखा तुटतो. किती चिवट, ते मशिनवरच्या आकड्यावरून कळतं.

पहिला तुटला. बिस्किटासारखा.

दुसराही.

चढावर असा हुक तुटला तर भरलेली ट्रॉली उलटी मागं येते. मागं असेल तो संपला. मला माहीत होतं. आण्णांनाही.

त्यांनी खिशातून तिसरा तुकडा काढला. त्यावर जुन्या, चांगल्या मालाचा नंबर ठोकलेला.

"ह्यो लाव, विश्वजित. ह्याचाच आकडा लिव."

नाही म्हणायचं होतं. जीभच उचलली नाही. मुकाट्यानं तुकडा ठेवला.

आणि मागून...

"हात काढ की, विश्वजित."

अरुणा मॅडम. माझ्या आधी लॅब त्याच बघायच्या; कोपऱ्यातली खुर्ची अजून त्यांचीच म्हणतात. हातोडा सोडण्याआधी दर वेळी असंच म्हणायच्या.

मॅडमना जाऊन वर्ष झालं होतं.

आण्णांचा चेहरा पांढराफटक. त्यांनीही ऐकलं होतं. घाबरून माझ्या हातून खटका ओढला गेला. हातोडा सुटला...

आवाजच नाही. नुसता झुलत राहिला.

तुकडा नव्हता. जमिनीवर नाही, मशिनखाली नाही. दोघांनी गुडघ्यांवर बसून शोधला.

आण्णा तसेच बाहेर टेम्पोवाल्यांकडं गेले. "उतरवा माल. सगळा वितळवायचा हाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना सांगितलं, विश्वजितनं माल अडवला. भुताचं कोण सांगणार? मीही गप्प बसलो. कामगार मान द्यायला लागले. गावी, गारगोटीला, आईनं पेढे वाटले. माझा पेढा मी खिशातच ठेवला. लाज वाटत होती.

काल लॅबमधली क्रांती म्हणाली, "सर, मालकास्नी तोंडावर न्हाय म्हणालासा. भ्या न्हाय वाटलं?"

"कुणीतरी म्हणायला पाहिजे होतं," मी म्हणालो.

टण्ण...

मशिनखाली काहीतरी पडलं. क्रांतीनं वाकून उचललं. अख्खा तुकडा. तिनं नंबर वाचला.

"सर, हा तर जुन्या मालाचा हाय. हितं कसा आला?"

मी अजून उत्तर दिलेलं नाही. आणि मॅडमच्या खुर्चीकडं बघायची हिंमत होत नाही.