हाताची वर्दी

स्वतःच्या तळपायाला स्वतःच गुदगुल्या करून पाहा. होत नाहीत.

खेकड्याला नांगीने धरून उचललं, तर कधीकधी तो नांगी तुमच्या हातात सोडून चालता होतो. काही महिन्यांनी त्याला नवी येते. जुनीची आठवण त्याला राहते का, हे कुणी विचारलेलं नाही.

वेळशेतच्या धक्क्याला होडी लागते तेव्हा होडी आणि धक्का यांच्यामध्ये फट राहते. लाटेबरोबर ती उघडते, लाटेबरोबर मिटते. किनाऱ्याचा रस्ता समुद्राने गिळल्यापासून तालुक्याला जायला ही होडीच उरली आहे. म्हणून सगळा गाव कधी ना कधी त्या फटीवरून पाय टाकतो, आणि धक्क्यावर उभा असलेला एक माणूस प्रत्येकाला हात देतो.

कवटीच्या मागच्या बाजूला, मानेच्या जरा वर, लहान मेंदू असतो. तो बोलत नाही. तो फक्त अंदाज बांधतो.

प्रथमेश तांडेल डाव्या हाताने जेवत होता. त्याचा उजवा हात चांगला धडधाकट होता. तो त्याने टॉवेलने छातीशी बांधून ठेवला होता.

खांदा

धक्क्यावर हात देणारा तो माणूस म्हणजे हा प्रथमेश.

तरुणपणी तो मोटरसायकलवरून फेकला गेला होता. गाडी त्याचा मोठा भाऊ सुयश चालवत होता. सुयशला साधं खरचटलंही नाही. प्रथमेश मात्र खांद्यावर आपटला, आणि हाताकडे जाणाऱ्या सगळ्या नसा मणक्यातून उपटून निघाल्या, वाफ्यातून मुळा उपटावा तशा. हात जागेवर राहिला, पण तो नुसता लोंबकळायचा. मेंदूचा हुकूम खाली पोचत नव्हता, हाताची खबर वर येत नव्हती. बिडीचा चटका बसला तरी वास आल्यावर कळायचं.

सुयश पुण्याला गेला तो गेलाच. इस्पितळात आला नाही, लग्नाला आला नाही, बापाच्या दिवसांनासुद्धा आला नाही.

मग अशा हातांसाठी ‘पूल’ निघाला. मेंदूवर टिकलीएवढी एक चकती बसवतात. ती हुकूम ऐकते आणि तुटलेल्या नसा ओलांडून थेट दंडाच्या नि बोटांच्या स्नायूंना कळवते. बोटांच्या टोकांना बसवलेले कण स्पर्शाची खबर उलट वर नेतात. चकतीला हुकूम नेहमी पुरता ऐकू येतो असं नाही. भिंतीपलीकडचं बोलणं ऐकावं तसा तो अर्धामुर्धा ऐकू येतो. उरलेला अर्धा पूल स्वतः पुरा करतो, आणि बहुधा बरोबर करतो. आता तालुक्यात असे बरेच पूलवाले आहेत. शेवया वळणारी एक आहे, एक न्हावी आहे. गिऱ्हाइकं त्याच्या वस्तऱ्याखाली मान देतात, त्यांना काही वाटत नाही.

प्रथमेशचा पूल रत्नागिरीच्या डॉक्टर नाझनीन परकार यांनी बसवला होता. त्यांचं माहेर खाडीपलीकडच्या मोहल्ल्यातलं. होडीतून उतरताना आपण चालता केलेल्या हाताचाच आधार घ्यायला त्यांना मजा वाटायची. या खेपेला धक्क्यावर दुसराच कुणी पोरगेला माणूस होता. त्या सरळ प्रथमेशच्या घरी गेल्या.

“काढा हा,” पडवीत बसल्याबसल्या प्रथमेश म्हणाला. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

“हात म्हणजे दाढ आहे होय, प्रथमेशभाऊ?”

“दाढेला भूल देता. मला तीपण नको.”

आतून त्याची बायको श्रावणी चहा घेऊन आली. “याचं ऐकत बसाल तर चहा गार होईल, डॉक्टर. सुतक फिटलं, तेरावं झालं, तरी हा हात बांधूनच. आंघोळ मी घालते, वरण-भात मी कालवून देते. मला सांगा, मेला कोण? भाऊ की हा?”

“तू आत जा गो.”

“नाही जात.”

ती गेली नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली, आणि तिच्यासमोरच त्याने ते सांगितलं.

सुयश न कळवता आला होता. होडीच्या काठावर एक पाय, केस पांढरे, हातात पिशवी. प्रथमेशने सवयीने हात पुढे केला आणि चेहरा मग ओळखला. सुयशने तो हात धरला. लगेच उडी मारली नाही. हात जरा उलटासुलटा करून पाहिला, बाजारात मासा बघतात तसा, आणि म्हणाला, “चांगला चालतो की रे. मग एवढी वर्षं काय धरून बसला होतास?”

“आणि?” डॉक्टरांनी विचारलं.

“आणि मी सोडला.”

“सुटला असेल.”

“जन्मभर दोर धरतोय मी. निसटलेलं नि मुद्दाम सोडलेलं मला कळत नाही होय? बोटं उघडताना मला कळत होती. माझीच होती ती. मरू दे असं मनात नव्हतं, शपथ सांगतो. एवढंच होतं, की या हाताला धरून नाही. दुसऱ्या कुणालाही धर, याला नाही. तेवढ्यात लाट आली.”

फट मिटली तेव्हा सुयश तिच्यात होता.

डॉक्टरांनी चहा तसाच ठेवला. “हात काढायचा निर्णय दोन मिनिटांत होत नाही,” त्या म्हणाल्या. “आधी रत्नागिरीला या. तुम्हाला एक गंमत दाखवायची आहे.”

“गंमत,” श्रावणी म्हणाली. “बघ. जा. कुणीतरी दाखवतंय.”

तळपाय

प्रयोगशाळेत डॉक्टरांनी त्याला उंच खाटेवर बसवलं, टॉवेल सोडायला लावला आणि उजव्या हातात मोराचं पीस दिलं.

“स्वतःच्या तळव्यावर फिरवा.”

“कशाला?”

“फिरवा तर.”

त्याने फिरवलं. काही झालं नाही. डॉक्टरांनी तेच पीस घेऊन फिरवलं तेव्हा मात्र त्याचा पाय आपोआप आखडला.

“पीस तेच, पाय तोच. फरक काय?”

“तुम्ही परक्या.”

“बरोबर. पण पायाला कसं कळलं मी परकी ते? ऐका. मेंदू हाताला हुकूम देतो तेव्हा त्याच क्षणी लहान मेंदूला वर्दी देतो. ‘हात हलवतोय, आता तळव्याला असं असं जाणवेल.’ मग तसंच जाणवलं, की लहान मेंदू म्हणतो, हे आपलंच आहे, लक्ष देऊ नका. म्हणून स्वतःच्या गुदगुल्या होत नाहीत. म्हणून चालताना तुम्हाला तुमचे कपडे टोचत नाहीत. आपलं आणि परकं यांत एवढाच फरक. ज्याची वर्दी आधी आली ते आपलं.”

“आणि या हाताची वर्दी?”

“ती पूल देतो. सुरुवातीच्या पुलांत ती सोय नव्हती. हात उत्तम चालायचे, पण माणसं त्यांना भ्यायची. तोंडावर पाणी मारताना दचकायची. एका बाईने स्वतःचा हात खाटेला बांधला होता. कारण हुकुमाचा अर्धा भाग पूल पुरा करतो आणि त्या अर्ध्याची वर्दी मेंदूकडे नसते. मग आम्ही तीही बनवून पाठवायला लागलो. पूल जे करणार, त्याची वर्दी पूलच आधी देतो. हात काय करतोय हे मेंदूला कधी परकं वाटतच नाही.”

“म्हणजे खोटी सही,” प्रथमेश म्हणाला.

डॉक्टरांना हसू आलं नाही. त्यांनी समोरच्या पडद्यावर काहीतरी बदललं. “आता वर्दी बंद केली आहे. पुन्हा फिरवा.”

त्याने पीस तळव्यावर टेकवलं मात्र, आणि तो हसला. हसू आवरायला गेला तर आणखी फुटलं. हात त्याचाच, तो थांबवू शकत होता, पण अंगाला ते ठाऊक नव्हतं. पाय झाडत, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर तो लहान पोरासारखा खिदळला. सुयश गेल्यापासून तो हसला नव्हता. ते आठवलं आणि तो मध्येच गप्प झाला. पीस खाली पडलं. मेलेल्या भावाच्या नावाने काढून ठेवलेला घास खाताना कुणी पकडल्यासारखं त्याचं तोंड झालं.

“बघितलंत,” डॉक्टर हळू म्हणाल्या. “बोटं उघडताना ती माझीच होती, असं तुम्ही म्हणालात. वर्दी चालू असताना तसंच वाटणार. काहीही झालं असतं तरी तसंच वाटलं असतं.”

लहान मेंदू

प्रथमेशने पडलेलं पीस उचलून खाटेवर ठेवलं. मग त्याने तो प्रश्न विचारला. तो विचारणार नाही अशी डॉक्टरांना आशा होती.

“पूल अर्धा हुकूम पुरा करतो म्हणता. मग पहिला अर्धा कुणाचा?”

तशी ही साधी गोष्ट आहे. चालत्या गाडीतून उडी मारावी, देवळात शिवी द्यावी, हातातलं मूल खाली टाकावं, असलं काहीबाही माणसाच्या मनात चमकून जातं. ते हातापर्यंत पोचत नाही. मेंदूच निम्म्या वाटेवर त्याला परत बोलावतो, आणि आपण भले लोक म्हणून जगतो. पण भिंतीला कान लावून बसलेल्या चकतीला अर्धाच हुकूम ऐकायची सवय असते. मेंदूने तो परत बोलावण्याआधीच तिने पुरा केला तर?

हे सगळं डॉक्टर नाझनीन परकार यांना ठाऊक होतं. पूल त्यांनीच बसवला होता. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

“पहिला अर्धा कुणाचाच नाही,” त्या म्हणाल्या. “पुलात एक सुरक्षासोड असते. हातावर एकदम हिसका बसला की सांधा वाचवायला ती बोटं उघडते. मेंदूला विचारत नाही. तुमच्या भावाने भार टाकला, सोड चालली, आणि पुलाने नेहमीप्रमाणे वर्दी दिली, की हे तुम्हीच केलंत.”

“गेल्या वर्षी होडीचं इंजिन उतरवताना सगळा भार या हातावर आला होता. तेव्हा नाही सोडलं याने.”

“इंजिन हळूहळू उतरतं. माणूस हिसका देतो.”

प्रथमेशने मान हलवली. समजल्यासारखी, किंवा समजून घ्यायचं ठरवल्यासारखी.

“वर्दी बंदच ठेवू,” डॉक्टर म्हणाल्या. “एखादी केलेली हालचाल आपण आठवतो तेव्हा मेंदू तिचा हुकूम मनातल्या मनात पुन्हा देतो, आणि वर्दीही पुन्हा फिरते. म्हणून ते जुनं कृत्य दर वेळी नव्याने आपलं होतं. वर्दी नसेल तर तुम्हाला फक्त दिसेल. एक हात उघडला, एवढंच. हात चालेल पहिल्यासारखाच. थोडा परका वाटेल.”

“परका चालेल,” प्रथमेश म्हणाला. “आपलाच नको झालाय.”

बोटं

हात परका झाला, पण कामाला चोख होता. प्रथमेश पुन्हा धक्क्यावर उभा राहायला लागला. आधी लोकांनी डावा हात मागितला. मग हळूहळू त्यांनाही सवय झाली. यंत्राचा दोष होता हे श्रावणीने गावभर सांगितलं, आणि गावाला ते पटलं. वेळशेतच्या लोकांना यंत्रांचा अनुभव होता.

सकाळी दात घासताना कुणीतरी आपल्या तोंडात बोट घालतंय असं त्याला वाटे. श्रावणीच्या पाठीवर हात ठेवला तर ठेवणारा तिसराच कुणी असे. ती म्हणाली, “तुझा हात आजकाल कसा भीतभीत लागतो.” तो म्हणाला, “मला कळत नाही.” ते खरंच होतं.

सुयशबद्दल तो आठवून बघायचा. पडलेल्या दाताच्या जागी जीभ जाते तसं मन तिथे जायचं. काठावरचा पाय, पांढरे केस, पिशवी. एक हात उघडतो. लाट. मन थोडा वेळ वाट पाहायचं आणि परत यायचं.

पावसाळा संपल्यावर सुयशची मुलगी ओवी आली. कॉलेजात शिकणारी, बापासारखं कपाळ असलेली. होडीच्या काठावर ती थबकली. समोर कोण आहे ते तिला कळलं होतं. प्रथमेशने उजवा हात पुढे केला. तिने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, मग हात धरला आणि उडी मारली. काही झालं नाही.

दोघं धक्क्याच्या पायरीवर बसली.

“यंत्रात दोष होता बाळा,” त्याने सांगितलं. इतक्या सहज, की त्यालाच आश्चर्य वाटलं. “सुरक्षासोड म्हणतात त्याला.”

“आईने सांगितलं.” ती पाण्याकडे बघत होती. “काका, बाबा महिनाभर सराव करत होते. तुमच्याशी काय बोलायचं त्याचा. आरशासमोर. माफी मागतो म्हणायचे, आणि मागताच यायची नाही. शेवटी म्हणाले, प्रथमला मी चांगला ओळखतो, थट्टेनेच सुरुवात करतो. तो आधी शिव्या घालेल. मग हसेल. मग बोलू.” ती थांबली. “केली का त्यांनी थट्टा?”

“केली,” प्रथमेश म्हणाला.

“मग?”

त्याला वाईट वाटलं. लांबच्या गावची बातमी वाचून वाटतं तसं, खरंखुरं, आणि पान उलटेपर्यंत. त्याने आत शोधून पाहिलं. इथे काहीतरी असायला हवं होतं, एवढं त्याला कळत होतं. ज्याने तो हात उघडला त्याने आता रडायला हवं होतं. पण तो माणूस कुठे भेटेना.

ओवी रडायला लागली. उजवा हात उचलला गेला आणि तिच्या डोक्यावरून फिरू लागला. कुणीतरी तिची समजूत घालत होतं. प्रथमेश शेजारी बसून ते पाहत होता. बरं झालं, त्याच्या मनात आलं, कुणीतरी आहे.

पुलामध्ये सुरक्षासोड नावाचा भाग नसतो. तो शब्द डॉक्टर नाझनीन परकार यांनी त्या दिवशी प्रयोगशाळेत, खिडकीबाहेर बघताना, तयार केला.