खड्ड्यातले दोन ठोके

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच टेबलावर घडलेली आहे. पटलं तर वाचा, नाही तर सोडून द्या. मला कुणाची समजूत घालायची नाही.

आणि हो, रात्र नव्हती. भर दुपार होती. चौथ्या मजल्यावरचं आमचं ऑफिस. पंखे फिरत होते, अर्धी मंडळी जेवायला गेली होती.

आमची कंपनी लिफ्ट बसवते आणि दुरुस्त करते. मी तिथे कॉम्प्युटरचं बघतो. नोकरी लावली भाऊजींनी, म्हणजे माझ्या ताईच्या नवऱ्याने. ते आमच्याकडचे सगळ्यात जुने मेकॅनिक.

होते.

एका गोदामाच्या लिफ्टखाली खड्ड्यात उतरून काम करत होते. वरून लिफ्ट चालू झाली... आणि खाली आली.

आमच्याकडे एक पद्धत आहे. खड्ड्यातला माणूस पान्याने लोखंडी रुळावर ठोके देतो. दोन ठोके म्हणजे थांबा, मी खाली आहे. तीन म्हणजे मी बाहेर आलो, चालू करा. त्या दिवशी वर मशीनपाशी मोठे साहेब स्वतः उभे होते. ते म्हणाले, "मी तीन ठोके ऐकले. चूक त्याचीच."

संपला विषय.

ताईने हे कधीच मानलं नाही. "झोपेतसुद्धा चुकायचे नाहीत रे ते," म्हणायची. पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? समोर हळहळायचे आणि पाठ फिरली की म्हणायचे, प्यायला असेल. भाऊजींनी आयुष्यात थेंबाला हात लावला नव्हता. ताईने शेजारीपाजारी जाणंच सोडलं. हे बघून माझं डोकं फिरायचं, पण हातात पुरावा काय होता?

पुरावा असायला हवा होता खरं तर. लिफ्टमध्ये आणि खड्ड्यातही संकटाचं बटण असतं. दाबलं की आवाज रेकॉर्ड होतो आणि फाईल क्लाउडवर जाते. क्लाउड म्हणजे काय, तर दुसऱ्याच्या गोदामात ठेवलेलं आपलं सामान. त्या दिवसाची फाईल मात्र तिथे नव्हती. साहेब म्हणाले, माईक बिघडला होता.

एक गंमत सगळ्यांना ठाऊक होती. भाऊजी गेल्यापासून साहेबांनी लिफ्टमध्ये पाय ठेवला नव्हता. लिफ्ट कंपनीचा साहेब, आणि रोज धापा टाकत चार मजले चढायचा! "तब्येतीसाठी," म्हणायचा. आम्ही गालातल्या गालात हसायचो.

पुढे कंपनीने नवी यंत्रणा घेतली. जुन्या क्लाउडवरच्या फाईली आणून तिच्यात भरायच्या होत्या. मी स्क्रिप्ट लिहिली, म्हणजे आपोआप काम करणारा छोटासा प्रोग्राम. काम सरळ होतं. एकेका लिफ्टचं फोल्डर उघडायचं, नवीन फाईल दिसली की आणायची, एकदा आणलेली पुन्हा आणायची नाही.

पहिल्यांदा चालवली... आणि गोदामाच्या लिफ्टच्या फोल्डरमधून एक फाईल आली.

ती लिफ्ट केव्हाच काढून टाकली होती. खड्डा बुजवला होता. तिथे ना माईक, ना बटण.

मी हेडफोन लावला.

शांतता... मग कुणीतरी श्वास घेतला. खूप जवळून.

मी साहेबांना दाखवलं. त्यांनी ऐकलंसुद्धा नाही. माझा माऊस ओढून घेतला आणि फाईल पुसून टाकली, इथली आणि क्लाउडवरचीही. "कचरा आहे. ते फोल्डर वगळ." माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले आणि वगळण्याची ओळ माझ्याकडून लिहून घेतली. हात गार पडला होता त्यांचा.

दुसऱ्या दिवशी, दुपारी त्याच वेळी, स्क्रिप्ट पुन्हा चालवली. ते फोल्डर वगळलेलं होतं.

तरी फाईल आली.

'नवीन.'

या वेळी मी हेडफोन काढला. आवाज स्पीकरवर टाकला आणि पूर्ण वाढवला. जेवून परतलेली माणसं दारातच थबकली. साहेब त्यांच्या केबिनमधून बाहेर आले.

श्वास...

ठक. ठक.

थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा, जरा जोरात.

ठक. ठक.

आणि वरून, लांबून, एक ओळखीचा आवाज. "उरक लवकर! पार्टी येऊन उभी आहे!"

साहेबांचा आवाज.

"साहेब, थांबा! खाली आहे मी!"

भाऊजी...

मग मशीनची घरघर. त्यापुढचं मी लिहिणार नाही. सगळ्या मजल्याने ते ऐकलं, तेवढं पुरे.

साहेबांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. "बंद कर," म्हणाले. "बंद कर ते."

"बंदच झालंय साहेब," मी म्हणालो. खोटं कशाला सांगू, मला आतून बरं वाटत होतं.

तेवढ्यात स्क्रीनवर आणखी एक ओळ उमटली. नवीन फाईल. पण गोदामाची नाही... आमच्याच इमारतीच्या लिफ्टची. वेळ आत्ताची.

मी काही दाबलं नव्हतं. ती आपोआप वाजली.

"साहेब," भाऊजी अगदी शांतपणे म्हणाले, "खाली या."

साहेब पळाले. लिफ्टकडे नाही, जिन्याकडे.

आम्हाला त्यांच्या बुटांचा आवाज येत होता. धडधड खाली... आणखी खाली... चार मजले किती वेळ लागतो उतरायला? तो आवाज थांबेचना. खाली, खाली, खाली...

मग एकदम काहीच नाही.

आणि आमची लिफ्ट गुणगुणत निघाली. आत कुणी नव्हतं.

साहेब सापडले ते तिच्या खालच्या खड्ड्यात, चिरडलेले. खड्ड्याचं दार बाहेरून कुलूपबंद. किल्ली पहारेकऱ्याच्या कमरेला. त्याने तर साहेबांना खाली आलेलं पाहिलंच नव्हतं.

कंपनीचे मालक ताईच्या घरी आले. हात जोडून म्हणाले, "चूक त्यांची नव्हती." ताई रडली नाही. उठली, घराचं दार सताड उघडलं आणि म्हणाली, "आता जरा मोठ्याने बोला. शेजाऱ्यांना ऐकू दे."

भाऊजींचं नाव धुऊन निघालं. मग हे इथेच थांबायला हवं होतं ना?

थांबलं नाही.

रोज दुपारी स्क्रिप्ट चालते. रोज बुजवलेल्या खड्ड्यातून एक नवीन फाईल येते.

आधी दोन ठोके. घाईचे, घाबरलेले. सवय नसलेल्या हाताचे.

मग वरून उत्तर येतं. सावकाश, पान्यावर पकड असलेल्या माणसाचे...

तीन.

मग मशीनची घरघर. मग साहेबांची किंकाळी. आणि पुन्हा घाईचे दोन ठोके...

फाईल रोज आदल्या दिवसापेक्षा लांब असते.

स्क्रिप्ट बंद करणं माझ्या हातात आहे. एक बटण दाबलं की झालं. कदाचित तेवढ्याने हे सगळं संपेलही. कैकदा बोट तिथपर्यंत नेलं आहे. पण संध्याकाळी घरी गेलो की ताई चहाचा कप पुढे करते आणि हळूच विचारते, "आज आली का रे?"

मी हो म्हणतो.

मग ती नीट जेवते.

ताईची मला भीती वाटत नाही. मला भीती वाटते ती माझी. कारण आता दुपार झाली की मीही वाट बघत असतो...