रिंगणातला दुसरा बेडूक

मरळ पकडायची तर दिवसातल्या दोनच वेळा खऱ्या. सूर्य वर येण्याआधीची आणि खाली गेल्यानंतरची, जेव्हा पाणी दिसतं पण पाण्याला आपण दिसत नाही. उरलेला दिवस आम्ही दोघं सभ्य माणसं होतो. मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचो आणि श्रीनिवास पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचा. दोन्हींचा प्रत्यक्षाशी फारसा संबंध नव्हता.

श्रीनिवासच्या घरी चातुर्मासात कांदाही उंबऱ्याबाहेर असायचा. मासा तो फक्त पकडायचा. पाप त्याचं आणि रस्सा माझा, अशी आमची वाटणी होती आणि इतक्या वर्षांत तिच्यावरून कधी वाद झाला नाही.

छावणीतल्या एका कर्नलनं बदली होऊन जाताना आम्हाला दोन रॉड विकले आणि वर एक लाकडी बेडूक दिला. पोटाखाली गळ लपवलेला. दोरा ओढला की तो पाण्यावरून टुपुक टुपुक करत यायचा आणि खालची मरळ फसायची. तो बेडूक पहिल्याच आठवड्यात एका बुडालेल्या बाभळीनं ठेवून घेतला. मग श्रीनिवासनं शहागंजातून आणलेल्या निळ्या स्लीपरच्या जोडातली उजवी कापून दोन बेडूक केले. अनसूयावहिनी न्हाणीघराच्या दारात डावी स्लीपर हातात घेऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी आता लंगडी घालत अंघोळीला जाऊ का?" ती डावी त्यांनी रागानं माळ्यावर टाकली.

आमची एक पद्धत होती. मरळ बेडकावर झेपावते तेव्हा पाणी फुटतं, मोठा आवाज होतो आणि निम्म्या वेळा ती चुकते. मागं पाण्यावर गोल रिंगण उरतं. ते विरायच्या आत दुसरा बेडूक बरोबर मधे पडला, तर चिडलेली मरळ त्याला सोडत नाही. म्हणून ज्याची चुकली त्यानं हळूच "टाक" म्हणायचं आणि दुसऱ्यानं टाकायचं. श्रीनिवास कायम माझ्या डावीकडं असायचा. अंधारून आलं की तोंडं दिसायची नाहीत, पण बेडकामागं उठणारी रेघ दिसायची. रेघ टाकणाऱ्याकडंच येते. तेवढ्यावरून कोण कुठं उभा आहे ते कळायचं.

दिवाळीनंतर तो एकटाच नाथसागरावर गेला. मी तेव्हा नागपूरला चर्चासत्रात होतो, विषय लोकशाहीचं भवितव्य. परत आलो तर बाभळीखाली त्याची स्कूटर, शेजारी पिशवी, आणि काठावर बूट. बुटांत मोजे व्यवस्थित घडी करून ठेवलेले. रॉड नव्हता. श्रीनिवास नव्हता. धरणाखाली गेलेल्या गावचा पुंजाराम तिथं जाळी लावायचा. त्यानं होडी फिरवली, नंतर पाणबुडे आले. काही सापडलं नाही.

"गाव खाली हाय भाऊ," पुंजाराम मला म्हणाला. "भिताडं हायेत, आड हाय. अडकला आसंल कुठं तरी. आमच्याच गल्लीत आसंल, काय सांगावं."

उन्हाळा आला तसे श्रीनिवासचे थोरले भाऊ तात्यासाहेब पालाशविधीचं बोलायला लागले. देह मिळाला नाही की पळसाच्या पानांचा माणूस करतात आणि त्याला अग्नी देतात. शास्त्रात बारा वर्षं थांबा असंही आहे आणि लवकर उरका असंही आहे. तात्यासाहेबांनी दुसरं काढून ठेवलं होतं.

वहिनी ऐकेनात. मला बोलावून घेतलं.

"भाऊजी, ते गेलेत असं मला कुणी सांगितलंय का? नुसते बूट दाखवलेत. उद्या कुठनं तरी उठून आले तर? जिवंत माणसाला जाळू का मी?"

"वहिनी, इतके महिने झाले."

"मग मला ते पाणी दाखवा. इतकी वर्षं संसारातल्या संध्याकाळी तिथं गेल्या, मी बघितलंच नाही कधी. बघते, मग सांगते तात्यासाहेबांना काय ते."

मी त्यांना घेऊन गेलो. रॉडही घेतला. नुसतं हात हलवत काठावर उभं राहणं मला जमत नाही.

ऊन उतरलं होतं. गाळाला तडे गेलेले, कुजक्या शेवाळाचा वास, लांब कुठंतरी टिटवी. मी वहिनींना त्याची जागा दाखवली. त्या तिथं गेल्या नाहीत. माझ्या उजवीकडं एका दगडावर पदर आवरून बसल्या.

"एवढ्यासाठी?" थोड्या वेळानं म्हणाल्या. "इथं तर काहीच नाही."

"काही नसतंच. त्यासाठीच यायचं."

"दोघांनी मिळून बरं फसवलं आम्हा बायकांना."

पाण्याला राखेचा रंग आला. मी बाभळीच्या खुंटांपाशी बेडूक टाकला. टुपुक. टुपुक. पाणी फुटलं. वहिनी दचकल्या. दोरा सैल पडला, मरळ चुकली होती. रिंगण पसरायला लागलं.

सवयीनं माझ्या तोंडून गेलं, "टाक."

गेलं आणि मला लाज वाटली. मी घाईघाईनं दोरा गुंडाळला. बेडूक माझ्या पायाशी येऊन पडला.

तेवढ्यात टप झालं.

रिंगणाच्या बरोबर मधे.

"भाऊजी, हे तुम्ही टाकलंत?"

"नाही. माझा इथं आहे."

आम्ही दोघांनी डावीकडं बघितलं. तिथं फक्त गाळ होता.

पाण्यावरचा बेडूक हलला. दोनदा टुपुक, मग थांबला. पुन्हा दोनदा, पुन्हा थांबला. श्रीनिवास बोलायचाही तसाच, दोन शब्द टाकून विचार करत. मागं रेघ उठली. मी ती काठाकडं यायची वाट बघत होतो.

रेघ आली नाही. ती उलटी गेली. खुल्या पाण्यात, सरळ.

"कुठं चाललाय तो?" वहिनींचा आवाज अगदी लहान झाला होता.

"ज्यानं टाकला त्याच्याकडं."

"तिथं काय आहे?"

"पुंजारामचं गाव," मी म्हणालो. "खाली."

रेघ दिसेनाशी होईपर्यंत त्या बघत राहिल्या. मग उठल्या, पदराला लागलेली माती झटकली आणि भाजी आणायला सांगावं तशा म्हणाल्या, "तात्यासाहेबांना सांगा, पळसाची पानं आणवा म्हणून."

विधी पैठणच्या घाटावर व्हावा असं तात्यासाहेबांचं म्हणणं होतं. वहिनींनी याच काठाचा हट्ट धरला. गुरुजींनी पानांचा माणूस निजवला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला. वहिनींनी पिशवीतून एक डबी काढली. त्यात निळ्या जोडीतला उरलेला, माझा बेडूक होता; आदल्या दिवशी त्यांनी तो माझ्याकडून मागून घेतला होता. तो त्यांनी पानांच्या उजव्या हातात दिला.

"बाई, हे चपलेचं रबर आहे," गुरुजी म्हणाले. "शास्त्रात बसत नाही."

"त्यांच्या हातात बसतं."

गुरुजींनी त्या सकाळी शास्त्रात बरंच काही बसवलं होतं. त्यांनी पुढचा मंत्र सुरू केला. तात्यासाहेबांनी अग्नी दिला. पळस लवकर जळाला, रबर मात्र काळा धूर सोडत राहिलं. तो वास नाकात बसला, आणि ज्यांना रडायचं होतं त्यांना धुराची सबब मिळाली.

तेरावा झाल्यावर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, एकदा जाऊन या. सुटले का बघा. तेवढं कळलं की मी काही मागणार नाही."

मी गेलो.

तोच राखाडी उजेड, तेच खुंट. मी जुन्या टायरचा नवा बेडूक कापला होता, तो टाकला. पाणी फुटलं, मरळ चुकली. मी तोंड घट्ट मिटून ठेवलं. रिंगण पसरत गेलं, पुसट झालं, जवळजवळ विरलं. छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं. लगेच मला फार एकटं वाटलं.

टप.

दोनदा टुपुक. थांबला.

रेघ उठली.

ती आत गेली नाही.

ती काठाकडं आली. सावकाश, माझ्या डाव्या बाजूला. गाळाशी पोचली. पाण्यातून काहीतरी उचललं गेलं आणि कोरड्या मातीवर थेंब पडायला लागले. जळक्या रबराचा वास आला.

मी डावीकडं बघितलं नाही. सामान आवरलं आणि स्कूटरला किक मारली. शहरापर्यंत मागची सीट जड होती की रस्ता खराब होता, हे मी स्वतःला ठरवू दिलं नाही.

वहिनी दारातच उभ्या होत्या.

"सुटले?"

"हो," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. मग माझ्या डाव्या खांद्याजवळ किंचित वाकून वास घेतला.  आत गेल्या, माळ्याला शिडी लावल्याचा आवाज आला.

बाहेर आल्या तेव्हा हातात ती डाव्या पायाची निळी स्लीपर होती. पदरानं पुसून त्यांनी ती उंबऱ्याच्या आत ठेवली, टाच दाराकडं करून, बाहेरून येणाऱ्याला पाय घालायला सोपं जाईल अशी.