कातळआळीचा फुगवटा

रायवळ महानगरपालिकेच्या तक्रारतोल केंद्रात रांग नव्हती, खिडकी नव्हती आणि जेवायला गेलेले साहेबही नव्हते. एका भिंतीवर अख्ख्या शहराचा नकाशा उजळलेला असे आणि त्याच्यासमोर दोघंच बसत: हे यंत्र रचणारी डॉ. सानिका शेडबाळे आणि तिचा सहकारी, संख्याशास्त्रज्ञ रेहान मुजावर. शहराच्या प्रत्येक चौकात एक श्रुतिस्तंभ उभा होता. नागरिकाने त्याच्यापुढे उभं राहून आपलं गाऱ्हाणं बोलायचं, आणि दुरुस्तीपथक पाठवायचं की नाही हे यंत्राने ठरवायचं, अशी व्यवस्था होती.

नव्या उपायुक्तबाई केंद्र पाहायला आल्या तेव्हा त्यांनी पहिलाच प्रश्न नेमका विचारला. एवढा खटाटोप करण्यापेक्षा गटारात, भिंतीत, नळात संवेदक का बसवत नाही?

"शहरातल्या प्रत्येक दगडात संवेदक बसवता येत नाही," सानिका म्हणाली. "पण प्रत्येक दगडाशेजारी माणूस राहतो. तोच आमचा संवेदक."

"माणूस वाढवून सांगतो."

"सांगू दे. किती वाढवून सांगतो ते कळलं की झालं. बोलण्यावरून यंत्र तीव्रतेचा आकडा काढतं, आणि पथक जागेवर जाऊन खरी तीव्रता मोजतं. सांगितलेली तीव्रता खरीच्या किती पट होती, तो त्या वस्तीचा फुगवटा. पुढच्या तक्रारीला यंत्र त्या आकड्याने भागतं. उत्तर दहाच्या वर आलं तर पथक निघतं, नाही आलं तर नाही."

रेहानने नकाशावर फुगवटे दाखवले. बहुतेक वस्त्या दीड-दोनच्या आसपास होत्या. माणूस म्हटला की एवढं मीठमसाला लावणारच. एक ठिपका मात्र लालभडक होता. कातळआळी, फुगवटा सहा. उपायुक्तबाई हसल्या. सानिकाही हसली, आणि खरं सांगायचं तर तिला थोडा अभिमानही वाटला. तिचा जन्म त्याच आळीतला होता.

कातळआळीत तक्रार एकट्याने करायची पद्धतच नव्हती. महापालिकेला काही कळवायचं म्हटलं की गणेश मंडळाच्या खोलीत बैठक बसे आणि तक्रारीला फोडणी दिली जाई. एकाने म्हणायचं, गटार तुंबलंय. दुसऱ्याने त्यात डास घालायचे, तिसऱ्याने ताप, आणि चौथ्यापर्यंत येईतो आळीत पटकी पसरलेली असे. शेवटचा हात दिलीपकाका नाईकवड्यांचा. दूध डेअरीतून निवृत्त झालेला हा माणूस जन्मभर हौशी नाटकांत राजे आणि सरदार रंगवत आला होता. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, हे त्यांचं आवडतं वाक्य. महापालिका तर सावत्र आई, असं ते वर जोडत. सानिका शेजारच्याच घरात वाढली. तिला भाषणं लिहून देणारे, पाठ करून घेणारे आणि घाबरल्यावर पहिल्या रांगेत येऊन बसणारे दिलीपकाकाच होते.

म्हणून सहाचा आकडा तिला पुढे खटकू लागला. एका रविवारी ती आळीत गेली आणि बैठकीत सगळ्यांना यंत्र समजावून सांगितलं. तुम्ही जेवढं फुगवाल तेवढं यंत्र कापेल, यात फायदा कुणाचाच नाही, असं ती म्हणाली. आजपासून आहे तेवढंच सांगा, चारसहा महिन्यांत आळीचा आकडा एकावर येईल आणि मग तुमचा शब्द म्हणजे शब्द. ती मनापासून बोलत होती. लोकांना ते पटलं की नाही कोण जाणे, पण सांगणारी आपली सानू होती. आपल्या पोरीचं यंत्र आपणच खोटं पाडायचं म्हणजे काय? दिलीपकाकांनी उभं राहून जाहीर केलं की आजपासून फोडणी बंद.

आणि ती खरोखरच बंद झाली. आयुष्यभर न जमलेली गोष्ट माणसं प्रेमापोटी करतात ती अशी. आळीतले लोक श्रुतिस्तंभापुढे उभे राहून शाळेतल्या मुलांसारखं मोजूनमापून बोलू लागले. दिवा मिणमिणतो, पण रस्ता दिसतो. कचरागाडी येते, उशिरा येते. पथक काही आलं नाही. आळीने कुरकुर केली नाही. सानूने चारसहा महिने सांगितले होते, तेवढी कळ काढायची असं ठरलं.

कातळआळीच्या मागे टेकडी कापून बांधलेली दगडी भिंत होती. वरच्या सपाटीवर महापालिकेने बाग केली होती आणि तिथल्या हिरवळीचं पाणी हळूहळू भिंतीमागे उतरत होतं. डिसेंबरात भिंतीला ओल आली, पाठोपाठ फट दिसू लागली. दिलीपकाकांनी ती स्तंभाला सांगितली, जशी होती तशी. काही दिवसांनी फट वाढली, त्यांनी पुन्हा सांगितली. मग एका सकाळी त्यांनी सानिकाला फोन केला. सुरुवातीला इकडचं तिकडचं बोलले, तिच्या आईची चौकशी केली.

"सानू, एक विचारू का?" ते शेवटी म्हणाले. "त्या भिंतीचं जरा वाढवून सांगू का गं? एकदाच. मला भीती वाटायला लागलीय."

सानिकाने बोलता बोलता नकाशावर कातळआळी उघडली. भिंतीच्या तक्रारीपुढे आठ हा आकडा होता. आठ म्हणजे ओल, फार तर रंगरंगोटीचं काम.

"नको काका," ती म्हणाली. "आता कुठे आळीची सवय मोडतेय. आहे तेवढंच सांगा. हवं तर फट मोजून सांगा, म्हणजे आकडा पक्का होईल."

"बरं. तू म्हणतेस तर मोजून सांगतो."

फोन ठेवल्यावर आपण एकदा जाऊन पाहावं असं तिला वाटलं होतं. पण दिलीपकाकांची भीती तिने लहानपणापासून पाहिली होती. घरात पाल निघाली तरी ते अजगराच्या थाटात गोष्ट सांगत. यंत्राने सहाने भागलं होतं, तिने मनातल्या मनात आणखी थोडं भागलं आणि ती बैठकीला निघून गेली. त्या जाण्याबद्दल तिने स्वतःला पुढे कधीच माफ केलं नाही, आणि माफ करावं असं मलाही वाटत नाही.

दिलीपकाका रोज दुपारी पट्टी घेऊन भिंतीपाशी जाऊ लागले. फट किती रुंद झाली ते मोजायचे आणि तेवढंच स्तंभाला सांगायचे. फट केसाकेसाने वाढत होती, यंत्राचा आकडा आठावरच होता. जानेवारीतल्या एका स्वच्छ, कोरड्या दुपारी ते तसेच वाकून मोजत असताना भिंत त्यांच्या अंगावर आली. आळीतली बाकीची माणसं वाचली. पट्टी धरणारा तेवढा गेला.

अंत्यविधीहून परतल्यावर सानिका थेट केंद्रात आली. रेहान तिची वाट पाहत बसला होता. तिने कातळआळीचा फुगवटा उघडून दाखवला. अजूनही सहाच.

"इतके महिने खरं बोलत होते रे ते," ती म्हणाली. "आकडा जागचा हलला का नाही? यंत्र बिघडलं होतं का?"

"बिघडलं असतं तर बरं झालं असतं." रेहानचा आवाज पार उतरला होता. "फुगवटा कधी बदलतो? पथक जाऊन मोजतं तेव्हा. पथक कधी जातं? भागून दहाच्या वर आलं तर. भिंतीची तीव्रता अठ्ठेचाळीस होती, सांगितलीही अठ्ठेचाळीसच. भागिले सहा, आठ. पथक गेलं नाही, म्हणून मोजलं नाही, म्हणून सहाचा सहाच राहिला."

सानिकाने भिंतीची तक्रार उघडली. पुढे तोच आठ होता.

"खोटं बोलणाऱ्याला आपलं यंत्र ओळखतं, कारण त्याच्या दारात पथक जातं," तो म्हणाला. "खरं बोलायला लागलेल्याला ओळखूच शकत नाही, कारण त्याच्याकडे कुणी जातच नाही."

तिने मनात हिशोब केला. पूर्वीच्या रीतीने फोडणी दिली असती तर काकांनी आकाश कोसळल्याची आरोळी ठोकली असती. तीव्रता निदान शंभर. भागिले सहा, सोळाच्या वर. दुसऱ्याच दिवशी पथक भिंतीपाशी उभं राहिलं असतं. आळीला तिच्या शहाणपणाची गरजच नव्हती. खोटेपणासकट ती माणसं आणि ते यंत्र एकमेकांना बरोबर ओळखत होती, आणि ती ओळख तिने मोडली होती.

नापास झालेल्या तक्रारींपैकी काही उगाचच तपासून पाहाव्यात, चिठ्ठ्या टाकून, असं रेहानने सुरुवातीलाच सुचवलं होतं. पथकातली माणसं फुकट खर्ची पडतील म्हणून ते तिनेच खोडलं होतं. त्याने ते आता बोलून दाखवलं नाही. चांगला माणूस होता.

दुसऱ्या दिवशी चौकशीपथकाने ढिगाऱ्याची मोजणी करून ती यंत्रात भरली. रायवळच्या यंत्रात एका मृत्यूची तीव्रता हजार धरलेली होती. सांगितलेली अठ्ठेचाळीस, खरी हजार. एका क्षणात कातळआळीचा लाल ठिपका पांढरा झाला. ही वस्ती घडतं त्याच्या विसावा हिस्साच सांगते, असा यंत्राचा निष्कर्ष निघाला. यापुढे तिथल्या शब्दाला ते विसाने गुणणार होतं. सानिकाने चिठ्ठ्यांची तपासणी त्याच दिवशी सुरू केली, पण हा गुणाकार थांबवायला तिचा हात उठला नाही.

महिनाभर आळीतून एकही तक्रार आली नाही. मग एके सकाळी केंद्रातला भोंगा वाजला. कातळआळी, तीव्रता शंभराच्या पार. सानिका उठली ती तडक पथकाबरोबर निघाली.

आळीच्या तोंडाशी अग्निशमनाची गाडी, रुग्णवाहिका, पाणीपुरवठ्याचे दोन ट्रक आणि स्थापत्य अभियंत्यांची जीप ओळीने उभी राहिली. पिवळ्या अंगरख्यातली पन्नासेक माणसं उतरली आणि धावत सुटली. श्रुतिस्तंभाशेजारी दिलीपकाकांच्या पत्नी, सुरेखाकाकू, हातात घागर घेऊन उभ्या होत्या. पाणी जरा कमी दाबाने येतंय, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. फोडणी न देता, दिलीपकाकांनी घालून दिलेल्या नियमाने.

सानिका त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. काकूंनी तिच्याकडे पाहिलं, मग त्या सगळ्या गाड्यांकडे पाहिलं, अगदी शेवटच्या जीपपर्यंत. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"एवढी माणसं होती का गं तुमच्याकडे?"

काहीतरी सांगावं, थोडं कमी करून, थोडं सावरून, असं सानिकाला फार वाटलं. पण आहे तेवढंच सांगायचं ती स्वतःच या आळीला शिकवून बसली होती.

"होती, काकू," ती म्हणाली.