बकऱ्याची दाढ

मलकापूरच्या बायपासला, कडुलिंबाच्या झाडाखाली कलीम मिस्त्रीचं गॅरेज. हात सोन्याचा आन् खोपडी सैतानाची, असं गिऱ्हाईकंच सांगायची. त्याच्या पान्यांच्या पेटीत तंबाखूची एक डबी होती, पण तिच्यात तंबाखू नव्हता. बकऱ्याची दाढ होती. कोणाचं इंजिन खोललं की कलीम ती गुपचूप काळ्या तेलात सोडायचा, मग तेल जुन्या बनियनमधून गाळायचा आणि दाढ मालकाच्या नाकासमोर धरायचा.

"भाऊ, गाडीनं कोणाले तरी खाल्लं दिसते."

माणूस भित्रा निघाला तर आठ दिवसांत ट्रक भंगाराच्या भावात कलीमच्या दारात. असे दोन ट्रक गॅरेजमागे उभे होते. त्यातल्या एकाचा मालक आता हमाली करायचा. कलीम त्याला रोज वाकून सलाम ठोकायचा आणि दिवसभर खूश राहायचा.

चैत्रातल्या एका सकाळी साखरखेर्ड्याचा दयाराम आपला जुना डिझेल ट्रक लावून गेला आणि दुपारी परत आला. नाकातोंडाला गमछा, डोळे तेवढे उघडे. ट्रकचं ऑइल चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं पत्र्याचं भांडं, गंजून चाळणी झालेलं. भोकं साबण चोळून बुजवलेली, आणि त्या साबणातूनही तेल टिपकत होतं.

कलीमने ट्रकभोवती चक्कर मारली. सागवानी बॉडी, चासी खणखणीत. असा माल आता मिळत नाही. त्याच्या तोंडाला पाणी सुटलं.

"चेंबर नवं टाकून द्या," दयाराम गमछ्यातून बोलला. "पण एक सांगून ठेवतो मिस्त्री. बाहेरचं काही पडू देऊ नका याच्यात."

"काऊन? पोट बिघडते काय त्याचं?"

"एवढी एकच गाडी आहे हो माह्याजवळ."

म्हणजे भित्रा. कलीमने डबी खिशात टाकली आणि पोतं अंथरून ट्रकखाली सरकला.

खालचा नट सोडला. तेल घमेल्यात उतरलं ते कोमट. सकाळपासून इंजिन बंद होतं, तरी कोमट. वासही जळक्या तेलाचा नव्हता. रोज्याच्या दिवशी, संध्याकाळ व्हायच्या आधी माणसाच्या तोंडाला येतो, तसा होता.

बोल्ट गंजून लाल झालेले. टॉमीची लोखंडी कांब लावून झटावं लागेल असं वाटलं होतं, पण ते बोटांनीच फिरले. चेंबर अलगद हातात आलं. आतल्या गंजाचा एक पोपडा नखाने निघाला आणि त्याखाली पत्रा दिसला नाही. गुलाबी दिसलं. ओलसर.

उन्हाने डोळे फिरले असतील, असं कलीमने ठरवलं. तळाच्या गाळात दाढ सोडली. ती बुडताना आवाज आला नाही, पण गाळ मात्र हलला.

मग त्याने नवं चेंबर चढवलं. पॅकिंग लावलं, मधल्या बोल्टांपासून कडेपर्यंत सारखं आवळत नेलं. वरून नवं तेल ओतलं. काम एक नंबर. आता गंमत.

"या दयारामभाऊ, पहा तुमच्या गाडीत काय निघून राह्यलं."

त्याने जुन्या चेंबरमधला गाळ बनियनवर ओतला, पिळला, उघडला.

बनियनवर बकऱ्याची दाढ नव्हती.

माणसाची होती. वर चांदीची टोपी, टोपीला एका बाजूला पोचा.

ती टोपी कलीमने गेल्या ईदच्या आधी स्वतःच्या दाढेवर बसवून घेतली होती. पोचा नंतर सुपारीने पडला होता.

त्याची जीभ हळूच डावीकडे, मागे गेली. तिथं खड्डा असायला पाहिजे होता. नव्हता. काहीतरी रुंद होतं, धारेधारेचं, जबड्यात घट्ट बसलेलं. तेलाची चव असलेलं.

"काय निघालं?" दयारामने विचारलं. आवाजात कुतूहल नव्हतं.

कलीमने बनियन घाईने गुंडाळलं.

दयारामने ट्रकची चावी त्याच्या मुठीत दाबली. "ठेवून घ्या. मले काही नको."

"तुले माहीत होतं बे."

"मी तं नकोच म्हणलो होतो. तुमच्यासारख्याले नको म्हटलं की पुरते. मी बी मसखऱ्याच होतो, मिस्त्री. मी बी याच्यात असाच एक दात टाकला होता. चाळीस गावांत नाव होतं."

तो माठाजवळ गेला. पहिल्यांदाच गमछा खाली घेतला आणि पेला तोंडाला लावला. पेल्यावर खट्ट झालं. वरचे दोन सुळे खालच्या ओठावर उतरलेले, पिवळे, वाकडे. गॅरेजचं कुत्रं उठलं, शेपूट हलवत त्याच्या पायाशी आलं. दयाराम स्टँडकडे चालू लागला तेव्हा ते त्याच्या मागे गेलं आणि परत आलं नाही.

सकाळपासून तेल टिपकलं होतं, तरी ट्रकखालची माती कोरडी होती. एक थेंब नाही.

कलीम चावी धरून उभाच राहिला. किती वेळ, ते त्याला कळलं नाही. भान आलं तेव्हा त्याचा जबडा आडवा हलत होता, सावकाश, आणि तोंड कडू झालं होतं.

डोक्यावरच्या लिंबाच्या खालच्या फांदीचा पाला पार ओरबाडलेला होता.